मदत हवी आहे: एकच फोटो नऊ जणांनी एडिट करायचा, पण त्यातून शिकायचं कसं?

उंबरठा (धागा सुरू करणारी)

नमस्कार मंडळी,

गणपतीत शाळेतले आम्ही जुने नऊ जण भेटलो, तेव्हा एक खेळ ठरवला. दर रविवारी एकाने आपला एक फोटो कॅमेऱ्यातून आला तसाच सगळ्यांना द्यायचा. शनिवारी रात्रीपर्यंत प्रत्येकाने तो आपापल्या परीने एडिट करून ग्रुपवर टाकायचा. बक्षीस नाही, नंबर नाही. कल्पना मूळ आमची नाही. पिक्सल्स डॉट यूएस या फोटो एडिटिंगच्या साइटवर 'प्ले रॉ' नावाने हे चालतं. कोणीतरी आपली रॉ फाइल, म्हणजे कॅमेऱ्याने टिपलेली कच्ची नोंद, देतो आणि जगभरची माणसं ती आपल्या पद्धतीने घडवून दाखवतात. मी तिथे बरेच दिवस नुसती वाचत असते.

आमच्या तीन फेऱ्या झाल्या. तिसरा फोटो माझा होता. गावच्या घरी माजघरातून पडवीकडे तोंड करून काढलेला. आजी दाराशी बसून वाल सोलते आहे, तिच्यामागे भर दुपारचं खळं. माजघरात एकच पिवळा बल्ब. भाच्याने दिलेला जुना कॅमेरा आहे, पण रॉ काढतो. खळं उजेडात पांढरं उडू नये म्हणून मी एक्स्पोजर कमी ठेवलं होतं, त्यामुळे आजीचा चेहरा जवळजवळ काळा आला.

डार्कटेबल या संगणकावरच्या एडिटिंग सॉफ्टवेअरमध्ये चेहरा उजळायला गेले तर खळं पांढरंफटक झालं. मग नुसत्या सावल्या उचलल्या, तर आजीच्या डोक्याभोवती आणि चौकटीच्या कडेने उजेडाची कड उमटली, कोणी खडूने गिरवावी तशी. शिवाय गालाची एक बाजू बल्बमुळे हळदीसारखी पिवळी आणि दुसरी निळसर.

ग्रुपमधल्या एका मित्राने हाच फोटो इतका सुंदर केला की मी बघतच राहिले. त्याच्याकडून एक्सएमपी फाइल (त्यात एडिटिंगच्या पायऱ्यांची नोंद असते) मागून घेतली, माझ्याकडच्या फोटोवर लावली, हुबेहूब तसाच झाला. मला वाटलं जमलं. मग त्याच पायऱ्या त्याच दिवशी चुलीपाशी काढलेल्या काकूंच्या फोटोवर लावल्या, तर सगळं विस्कटलं. काकूंचा चेहरा राखेसारखा झाला.

तर माझे प्रश्न असे. दुसऱ्याच्या पायऱ्या उघडून बघायच्या, पण त्यातून नेमकं काय उचलायचं? आणि आमच्या ग्रुपमध्ये प्रत्येक फोटोखाली 'मस्त', 'भारीच' एवढंच येतं, ते कसं बदलायचं? आमच्यातल्या तिघांकडे फक्त मोबाइल आहे, त्यांना सोडून पुढे जायचं नाही. मला हे मनापासून शिकायचं आहे. आजीचे असे फोटो पुन्हा किती काढता येतील माहीत नाही.

---

रानवाट

उंबरठाताई, तुमचा मित्र बहुतेक टोन इक्वलायझर हे डार्कटेबलमधलं उजेड जुळवायचं मॉड्यूल, म्हणजे हत्यार, वापरत असणार. तसं असेल तर काकूंचा फोटो का बिघडला ते सरळ आहे.

हे मॉड्यूल फोटोतला उजेड उणे ८ पासून ० ईव्हीपर्यंत (ईव्ही म्हणजे उजेडाचं माप, एक ईव्ही वाढला की उजेड दुप्पट) नऊ पायऱ्यांत वाटतं आणि प्रत्येक पायरी वेगळी उजळते किंवा दाबते. पण कुठला भाग कुठल्या पायरीवर बसणार, हे त्या फोटोच्या उजेडावर ठरतं. आजीचा चेहरा समजा उणे ६ वर होता आणि काकूंचा उणे ३ वर. मित्राने उणे ६ उचललं. तेच काकूंच्या फोटोवर लावलं की चेहऱ्याऐवजी मागची काजळी उचलली गेली. पायऱ्या सारख्याच राहिल्या, पण लागू पडल्या भलत्या जागी.

म्हणून त्याचे आकडे सोडून द्या. 'त्याने काय बघितलं म्हणून हे केलं' एवढं शोधा. त्यासाठी डार्कटेबलमध्ये डावीकडे इतिहासाची यादी असते. त्याची एक्सएमपी लावल्यावर सगळ्यात खालच्या पायरीवर क्लिक करा आणि एकेक पायरी वर या. प्रत्येक ठिकाणी थांबून फोटोत कुठे फरक पडला ते कागदावर लिहा, अगदी 'चौकटीची कड मऊ झाली' इतक्या साध्या शब्दांत. मग एक्सएमपी काढून टाका आणि नुसत्या त्या कागदावरून स्वतः तिथपर्यंत पोहोचा. पहिल्यांदा पोहोचणार नाही. मी पक्ष्यांच्या फोटोंवर अशा वीसेक फाइली उलगडल्या तेव्हा कुठे हाताला कळायला लागलं.

एक गोष्ट लक्षात ठेवा, नाहीतर फसाल. इतिहासातला क्रम म्हणजे माणसाने मॉड्यूलला हात लावला तो क्रम. डार्कटेबल आतून ती मॉड्यूल्स स्वतःच्या ठरलेल्या क्रमाने चालवतं. यादीत एखादं शेवटी दिसलं म्हणून ते शेवटी लागू होतं असं नाही.

कडेच्या खडूबद्दल: टोन इक्वलायझरमध्ये मास्किंगच्या टॅबवर जाऊन मास्क, म्हणजे कुठला भाग किती उजळ धरला आहे त्याचा करडा नकाशा, डोळ्यांनी बघा, तिथे दाखवायचं बटण आहे. चेहरा आणि खळं दोन्ही त्यात एकसारखे करडे दिसत असतील तर मास्क फारच विरघळला आहे. तुम्ही चेहरा उचलता तेव्हा शेजारचा उजेडही उचलला जातो, तीच ती कड. मास्कचं एक्स्पोजर आणि कॉन्ट्रास्ट जुळवणाऱ्या पट्ट्यांशेजारी आपोआप जुळवायची कांडी आहे, आधी ती वापरा. मग माउस थेट आजीच्या गालावर न्या आणि चाक फिरवा. त्या उजेडाची पायरी तिथल्या तिथे वरखाली होते.

---

अंधारखोली

मी २२ वर्षं स्टुडिओत प्रिंट काढले, लाल दिव्याखाली. संगणकावर आलो त्याला फार काळ झाला नाही, म्हणून माझं उत्तर जुन्या बाजूने आहे.

काळ्या चेहऱ्यामागे पांढरं आकाश हा आमचा रोजचा प्रश्न होता. एन्लार्जरखाली (निगेटिव्हमधून कागदावर उजेड पाडायचं यंत्र) कागद उजेडात असताना चेहऱ्याच्या जागी तारेच्या टोकाला चिकटवलेला पुठ्ठ्याचा तुकडा धरायचा, म्हणजे तिथे उजेड कमी पडतो आणि चेहरा प्रिंटमध्ये उजळ येतो. आकाशासाठी उलट: मोठ्या पुठ्ठ्याला भोक पाडून तेवढ्याच जागी जास्त उजेड द्यायचा. पहिलं डॉजिंग, दुसरं बर्निंग. हीच नावं फोटोच्या बऱ्याच सॉफ्टवेअरमध्ये अजून आहेत.

आता मुद्द्याचं. पुठ्ठा कधी स्थिर धरायचा नाही. सारखा हलवत राहायचा, कागदापासून थोडा वर. स्थिर धरला की कड उमटलीच. उस्तादांनी पहिले सहा महिने मला दुसरं काही करू दिलं नव्हतं, नुसता पुठ्ठा हलव. मास्कची कड मऊ करणं म्हणजे तोच हलता हात आहे.

दुसरं असं की आम्ही पूर्ण कागद कधी वाया घालवत नव्हतो. आधी पट्टी काढायची: अरुंद कागदावर ५ सेकंद, १०, १५, २० असे टप्पे. डेव्हलपरमधून हायपोत (चित्र पक्कं करणारं रसायन) आणि मग उजेडात नेऊन बघायचं, चेहरा कुठल्या टप्प्यावर बरोबर आहे. तुमच्या खेळात हे आणा. एका फेरीत फक्त एक हत्यार. सगळ्यांनी निव्वळ एक्स्पोजरची एकच पट्टी फिरवायची, बाकी कशाला हात नाही. नऊ जणांचे नऊ उजेड शेजारी शेजारी ठेवा. 'मस्त' म्हणायला कोणाला जागाच उरणार नाही, 'माझ्यापेक्षा तुझा उजळ का' हेच विचारावं लागेल.

---

मोबाइलवाली

माझ्याकडे लॅपटॉप नाही, सगळं स्नॅपसीड या मोबाइल अ‍ॅपवर करते. तुमच्या त्या तिघांसाठी लिहिते.

फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर नेहमीसारखा पाठवू नका, तो दाबून लहान होतो. डॉक्युमेंट म्हणून पाठवा, म्हणजे आहे तसा पोहोचतो. आमच्या गटात महिनाभर हेच कोणाच्या लक्षात आलं नव्हतं. एकाचा फोटो सतत खरखरीत यायचा आणि त्याला वाटायचं आपल्यालाच एडिटिंग येत नाही. फार वाईट वाटलं होतं त्याला.

आजीच्या चेहऱ्यासाठी स्नॅपसीडमध्ये सिलेक्टिव्ह वापरायला सांगा. गालावर बोट टेकवायचं, दोन बोटांनी वर्तुळ लहानमोठं करायचं, मग ब्राइटनेस. ते त्याच रंगाच्या जागेवर जास्त चालतं, म्हणून कड फारशी दिसत नाही. रॉमधून चांगला जेपेग काढून तिघांना तोच द्या. फक्त हे समजून घ्या की जेपेगमध्ये प्रत्येक रंगाला उजेडाचे २५६ टप्पेच असतात. कॅमेऱ्याचं रॉ १४ बिटचं असेल तर १६,३८४. काळोखातून चेहरा ओढून काढताना मोबाइलवाल्यांचा आधी फाटणार. त्यात त्यांची चूक नाही, आणि गटात हे आधीच सांगून टाका.

आणि सगळ्यांनी रात्रीचा पिवळा पडदा बंद करून बघा! फोनवरचं नाइट मोड चालू ठेवून रंग दुरुस्त केले की सकाळी फोटो निळा दिसतो.

---

उंबरठा

रानवाट, आत्ता बसून केलं. मास्क खरंच सपाट करडा होता! कांडी फिरवल्यावर चेहरा आणि खळं वेगळे झाले आणि कड निम्म्याहून जास्त गेली. टोन इक्वलायझर मी तीन आठवडे वापरते आहे आणि ते बटण एकदाही दाबलं नव्हतं.

अंधारखोली काका, 'हलता हात' वाचून मी लॅपटॉपसमोर बराच वेळ नुसती बसले. धन्यवाद.

गालांच्या दोन रंगांचं काय करू? व्हाइट बॅलन्स (पांढरं पांढरंच दिसावं म्हणून रंग जुळवणं) एका बाजूला जुळवला की दुसरी बिघडते.

---

दूरदेशी

दोन उजेड आहेत, तर एका आकड्यात ते बसणार नाहीत. डार्कटेबलचं रंग जुळवायचं मॉड्यूल, कलर कॅलिब्रेशन, दोनदा घ्या. पहिलं मास्क आखून, म्हणजे तेवढी जागा निवडून, फक्त बल्बच्या बाजूला, दुसरं खळ्याच्या उजेडासाठी. पहिल्याचा मास्क दुसऱ्याला उलटा करून रास्टर मास्क म्हणून देता येतो, म्हणजे एकाच जागेवर दोन्ही चढत नाहीत. मोजायला पांढरी जागा लागेल. आजींचं लुगडं पांढरं असेल तर दोन्ही बाजूंना तेच निवडा. पण बल्बचा पिवळेपणा सगळा काढू नका. माजघरात बल्ब होता, तो फोटोत राहू द्या. पूर्ण काढलेला फोटो दुकानात काढल्यासारखा दिसतो.

प्ले रॉवर मी काही वर्षं भाग घेते आहे, म्हणून दोन गोष्टी सांगते. तिथे फाइल देणारा सोबत परवाना लिहितो, बहुधा क्रिएटिव्ह कॉमन्सचा, श्रेय द्या, व्यापारी वापर नको, बदललेलं त्याच अटींवर वाटा असा. तुमच्याही गटात हे एका ओळीत लिहून ठेवा. घरच्या माणसांचे फोटो आहेत, त्यांना विचारून मगच द्या. दुसरं, तिथे बरेच जण चित्रासोबत साइडकार फाइल (एक्सएमपीसारखी पायऱ्यांची फाइल) देतात. तुमचा मित्र मागितल्यावर देतो, तुम्ही न मागता द्यायचा नियम करा.

नंबर देऊ नका हे मात्र माझं ठाम मत.

---

रानवाट

इथे मी असहमत. आमच्या गटात महिन्यातून एकदा मत देतो आणि त्यामुळेच लोक वेळेत टाकतात. नाहीतर चौथ्या आठवड्यात निम्मे गळतात. मात्र 'आवडला' एवढं मत चालत नाही, 'याच्याकडून मी अमुक उचलणार' असं लिहावं लागतं.

---

अंधारखोली

रानवाट यांचं ते 'उचलणार' मला पटलं. नंबराची मग गरजही उरत नाही.

---

उंबरठा

दोन आठवड्यांनी लिहिते आहे, उशीर झाला.

चौथी फेरी काकांच्या नियमाने केली. फोटो परत आजीचाच, हत्यार फक्त एक्स्पोजर. नऊपैकी सात जणांनी टाकले. सर्वांत उजळ आणि सर्वांत काळोखी आवृत्ती यांत जवळजवळ तीन ईव्हीचा फरक निघाला, म्हणजे एकाच्या फोटोत दुसऱ्याच्या आठपट उजेड! त्यावर पहिल्यांदाच खरी चर्चा झाली, रात्री साडेअकरापर्यंत. उजळ करणारा म्हणाला, मला तिचे हात दिसायला हवे होते. काळोखी ठेवणारी म्हणाली, मला खळ्यातलं ऊन हवं होतं. दोघांचंही मला पटलं. त्याच क्षणी कळलं की मी आजवर कधी ठरवलंच नव्हतं मला काय दिसायला हवं आहे. नुसती सगळं उजळत होते.

पाचव्या फेरीत सगळी हत्यारं मोकळी, पण चित्राखाली दोन ओळी सक्तीच्या: काय बघितलं आणि म्हणून काय केलं. 'मस्त'वर बंदी घातली नाही, पण पुढे 'उचलणार' लिहायचं. आमच्या ग्रुपमधल्या मोबाइलवाल्या मैत्रिणीने सिलेक्टिव्ह वापरून फक्त वालांच्या परडीवर उजेड टाकला होता. ते चार जणांनी उचललं, मीही.

मागच्या रविवारी गावी गेले तेव्हा सातही आवृत्त्या आजीला लॅपटॉपवर दाखवल्या. तिने सर्वांत काळोखीवर बोट ठेवलं. म्हणाली, "माजघर असंच असतं गो. बाकीच्यांत बाहेरच्यासारखं दिसतंय." तीच आवृत्ती घेऊन मी पुन्हा बसले आहे. चेहरा फक्त अर्धा ईव्ही उचलला, बल्ब पिवळाच ठेवला.

आता एक अडतंय. काळोख ठेवला तर भिंतीवर रंगीत ठिपके दिसतात, आणि ते घालवायला गेलं की लुगड्याची वीण पुसली जाते. डीनॉइज प्रोफाइल्ड या ठिपके घालवायच्या मॉड्यूलला मास्क लावून फक्त भिंतीपुरतं करावं का? रॉ आणि माझी एक्सएमपी दोन्ही उद्या रात्री इथे जोडते. आजीला विचारलं आहे, तिची हरकत नाही.