क्वेन्या : भाषा की नुसतं देखणं व्याकरण?

अनुस्वार :
'लॉर्ड ऑफ द रिंग्ज'वाल्या टोल्किनने १९१५च्या सुमारास रचायला घेतलेली आणि १९७३ साली वारेपर्यंत दुरुस्त करत बसलेली क्वेन्या म्हणजे त्याच्या कथांतल्या एल्फ नावाच्या अमर जमातीची ग्रांथिक भाषा. तोच तिला एल्फांची लॅटिन म्हणे. फिनिश व्याकरणावर तो भाळला होता, ते लगेच दिसतं. किर्या म्हणजे जहाज. किर्यान्ना जहाजाकडे, किर्यास्से जहाजात, किर्याल्लो जहाजापासून. आपल्याला 'घोडा'चा आधी 'घोड्या' करावा लागतो, इथे नुसता प्रत्यय चिकटवा. ब, द, ग सुटे येत नाहीत, मागे म, न, र, ल असं काही हवंच. सगळं कानाला गोड, आणि तेच खटकतं. भाषा तोंडात झिजते. ही कुणाच्या तोंडात होती?

गावठी_वैयाकरण :
झिजली नाही? फिलित म्हणजे चिमुकला पक्षी. अनेकवचन फिलिती नाही, फिलिकी. मूळ शब्दात क होता. शेवटी आला तिथे त झाला, मध्ये टिकला. तुमच्या घोडा-घोड्याचंच भावंड.

अनुस्वार :
नव्या पाटाला मुद्दाम टोचे पाडून जुना म्हणून विकतात, तसं.

बाणातला_ण :
भांडण तरी बघा की. क्वेन्यातला जुना थ ('थिंक'मधला) पुढे स झाला. टोल्किनच्या कथांतला एल्फ राजपुत्र फेआनोर, त्याची आई थेरिंदे. लोक सेरिंदे म्हणायला लागले, तो त्याला आईचा अपमान वाटला. गडी थ सोडेना. आमच्या वर्गात 'पानी' म्हणणाऱ्या पोराला बाई बाकावर उभं करायच्या. तो पुढे वर्गात बोलेनासाच झाला. हे ज्याला कळलंय, त्याला भाषा कळली नाही म्हणता?

अनुस्वार :
फेआनोर मान्य. पण 'आपल्या भेटीच्या घडीवर तारा चमकतो' हे अभिवादन घ्या. 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज'च्या १९५४च्या आवृत्तीत शेवटचा शब्द ओमेन्तिएल्मो, नंतर ओमेन्तिएल्वो. का? क्वेन्यातही आपलं-आमचं वेगळं, आणि कुठला प्रत्यय कशाचा याबद्दल साहेबांचं मत बदललं. एका माणसाने अख्ख्या जमातीचं 'आपलं' बदललं! मराठीत कुणी करून दाखवावं.

गावठी_वैयाकरण :
१९६२च्या लेखननियमांनी न उच्चारले जाणारे अनुस्वार एका फटक्यात उडवले. नाव 'अनुस्वार' घेऊन हे विचारताय?

अनुस्वार :
=)) पण ते कागदावरचे. बोलण्यातून आधीच गेले होते, नियम मागून आला.

बाणातला_ण :
गेले कुठे? आमची रत्नागिरीची आजी अजून 'नांव' नाकातूनच म्हणते.