कोरी पाने परत घेतली, पण नोंद घ्यायला शिकवायचे कोणी?

भूगोलाच्या बाई
राज्य शासनाने २०२३-२४ पासून दुसरी ते आठवीच्या पाठ्यपुस्तकांत ‘माझी नोंद’ या शीर्षकाची कोरी पाने घातली आणि जानेवारी २०२५ मध्ये तो निर्णय मागे घेतला. दप्तराचे ओझे उतरले नाही, मुले वह्या आणतच राहिली, हे खरेच आहे. परंतु त्या पानांवर काय लिहायचे हे शिकवण्याची तजवीजच झाली नव्हती, याची चर्चा फारशी झाली नाही. मी आठवीला पर्जन्यछायेवरचा, म्हणजे डोंगराआडच्या कमी पावसाच्या प्रदेशावरचा, उतारा दिला होता: महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस, आणि घाट उतरून वाईला आले की हजाराच्याही आत. बहुतेकांनी ‘महाबळेश्वर हे थंड हवेचे ठिकाण आहे’ हे पहिलेच वाक्य उतरवून काढले. एका मुलीने मात्र डोंगराची रेघ ओढून पश्चिमेला ‘वारा चढतो, गार, पाऊस’ आणि पूर्वेला ‘उतरतो, कोरडा, वाई’ एवढेच लिहिले. पाचवीपासून भूगोल, विज्ञान आणि इतिहासाच्या शिक्षकांनी आठवड्यातली एक तासिका अशा टिपणासाठी द्यावी, असे माझे मत आहे. मराठीच्या सारांशलेखनावर हे काम सोडून भागणार नाही.

दहावीचा वर्गशिक्षक
बाई, साठ-पासष्ट मुलांच्या वर्गात पोर्शन संपवताना नाकी नऊ येतात, म्हणून आम्ही उत्तरे फळ्यावर लिहून देतो. ज्याच्या घरी अभ्यास घेणारे कोणी नाही, त्या मुलाच्या हाती निदान बिनचूक उत्तर तरी राहते. अर्धवट टिपणावर विसंबून त्याचे गुण गेले तर पालक जाब आम्हालाच विचारतात.

भूगोलाच्या बाई
पण दहावीला ‘भौगोलिक कारणे लिहा’ हा प्रश्न असतोच ना, सर? त्या मुलीची रेघ म्हणजे त्याच उत्तराचे मुद्दे आहेत. गाइडमधले उत्तर पाठ केलेला मुलगा, प्रश्नात वाईऐवजी दुसरे गाव आले की अडतो.

अभ्यासपद्धतींचा वाचक
दोघांशीही माझा मतभेद आहे. मानसशास्त्रज्ञ जॉन डनलॉस्की आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये अभ्यासाच्या दहा पद्धतींचा आढावा घेतला, तेव्हा अधोरेखन आणि पुनर्वाचन तर सोडाच, सारांश काढणेदेखील कमी उपयुक्त ठरले, कारण तो नीट काढता यायला बऱ्याच मुलांना दीर्घ प्रशिक्षण लागते. स्वतःची चाचणी घेणे आणि अंतर ठेवून उजळणी करणे या पद्धती सर्वांत वर राहिल्या. तेव्हा पुस्तक मिटवून आठवेल ते लिहायला लावावे, हे बरे.

भूगोलाच्या बाई
मान्य आहे; मग पुस्तक उघडून राहिलेले मुद्दे वेगळ्या शाईने भरावेत, म्हणजे आपले काय सुटले ते मुलालाच दिसेल. पण प्रशिक्षण दीर्घ लागते म्हणून ते सुरूच करायचे नाही, हा तर्क मला पटत नाही.

दहावीचा वर्गशिक्षक
पुस्तक मिटवण्याला माझी हरकत नाही, पण ते आधी उघडून वाचता आले पाहिजे. ‘बाष्प’, ‘प्रतिरोध’ या शब्दांशीच अडखळणारी मुले आमच्याकडे नववीतही आहेत. त्यांच्याकडून टिपण मागण्याआधी उतारा मोठ्याने, थांबत थांबत वाचून घ्यावा लागतो, आणि तासिका तेवढ्यातच संपते. टिपणाची दुसरी तासिका वेळापत्रकात कोणत्या विषयाची काढून बसवायची, ते तेवढे सांगा.