इंजिन बंद पडल्यावर धावपट्टीकडे वळावे का?

आकाशकंदील:
५ मार्च २०१५ रोजी अभिनेते हॅरिसन फोर्ड यांच्या १९४२ सालच्या रायन विमानाचे इंजिन कॅलिफोर्नियातील सांता मोनिका विमानतळावरून उड्डाण केल्यावर लगेचच निकामी झाले. समुद्रसपाटीपासून उंची होती सुमारे १,१०० फूट. त्यांनी धावपट्टीकडे वळण घेतले, परंतु ती गाठता येत नाही हे पाहून, एका झाडाच्या शेंड्याला धडकून, गोल्फच्या मैदानात उतरले. जखमी झाले, पण बचावले. माझ्या मते इतक्या कमी उंचीवर मागे वळूच नये. नाक खाली घ्यावे, वेग राखावा आणि समोर मोकळी दिसेल ती जागा धरावी. हे वळण १८० अंशांत संपत नाही, कारण तेवढे वळल्यावर विमान धावपट्टीच्या एका बाजूला असते. शिवाय ४५ अंश कललेल्या विमानाचा स्टॉलचा वेग (ज्याहून कमी वेगात पंख विमान पेलू शकत नाहीत तो) सुमारे १९ टक्क्यांनी वाढतो, आणि घाबरलेला वैमानिक नेमका तेव्हाच स्टिक, म्हणजे नियंत्रणाचा दांडा, मागे ओढून नाक वर करतो आणि वेग आणखी घटवतो.

रानपाखरू:
गणित मान्य, निष्कर्ष सरसकट वाटतो. तिथे समोर दाट वस्ती आणि पुढे समुद्र आहे. ते गोल्फचे मैदान धावपट्टीच्या टोकालगतच असल्यामुळे, फोर्ड मागे वळले म्हणूनच तिथवर आले, असेही म्हणता येईल. वळण केव्हा शक्य असते हे प्रशिक्षकांनी शिकवावे, अशी सूचना अमेरिकेच्या हवाई वाहतूक नियामक संस्थेनेही (एफएए) २०१८ साली केली आहे.

आकाशकंदील:
सरावात प्रशिक्षक थ्रॉटल मागे घेऊन इंजिनाची शक्ती कमी करणार हे शिष्याला आधीच ठाऊक असते. खऱ्या प्रसंगी पहिले काही सेकंद विश्वास न बसण्यातच जातात आणि तेवढ्यात वेग उतरलेला असतो.

जुनाट पाना:
आपण दोघेही वळणावरच अडून बसला आहात. चौकशीत कार्ब्युरेटरचा मुख्य जेट (इंधनाचे प्रमाण ठरवणारी तोटी) आटे सुटून सैल झाल्याचे आणि त्यामुळे इंजिनात प्रमाणाबाहेर इंधन गेल्याचे आढळले. खांद्याचा पट्टाही चुकीचा बसवलेला असल्याने दुखापत वाढली. यातले काहीही हवेत दुरुस्त होणारे नव्हते. (इतक्या जुन्या विमानाच्या देखभालीवर मात्र कोणी धागा काढत नाही!)

रानपाखरू:
देखभालीचा मुद्दा रास्तच आहे. आकाशकंदील यांना एवढेच सांगेन की, अमुक उंचीखाली सरळ आणि तिच्या वर वळण, हा आकडा त्या दिवशीचा वारा, वजन आणि समोरची जमीन पाहून धावपट्टीवर उभे असतानाच ठरवून मोठ्याने उच्चारला, तर ते सेकंद वाया जाण्याचे कारण उरत नाही.

आकाशकंदील:
कारण उरते. उच्चारलेला आकडा पाळण्याची शिस्त सर्वांकडे नसते, म्हणून नवख्याला मी सरळच जायला सांगेन.