सरकारी शाळा 'सेक्युलर' असते म्हणजे मराठीत नक्की काय?

पाटीपेन्सिल:
अमेरिकेतल्या पब्लिक स्कूलमध्ये धर्म लांब ठेवायचा जो नियम आहे त्यावर लिहितोय आणि पहिल्याच वाक्याला गाडं अडलंय. पब्लिक स्कूलला सरकारी शाळा म्हणतो (आपल्याकडे पब्लिक स्कूल म्हटलं की टाय आणि भरमसाठ फी), पण 'सेक्युलर'चं काय? निधर्मी लिहिलं तर घरच्यांनीच विचारलं, तिथे देवाचं नाव घेतलं की हाकलतात का?

उकडपेंडी:
निधर्मी नकोच, तो आता टोमणाच झालाय. घटनेच्या मराठी प्रास्ताविकेत धर्मनिरपेक्ष आहे, हिंदीत पंथनिरपेक्ष. पण तुमच्या लेखाला तोही पुरणार नाही. १९६२ चा एंगल विरुद्ध व्हिटाली खटला बघा, न्यूयॉर्क राज्याच्या शिक्षण मंडळाने स्वतःच २२ शब्दांची प्रार्थना लिहिली होती, त्यात कुठल्या एका पंथाचं नाव नाही, ज्याला नको त्याला सूट, तरी सुप्रीम कोर्टाने ती उडवली, का तर प्रार्थना लिहून देणं हे सरकारचं कामच नव्हे. आपल्या सर्वधर्मसमभावात ती आरामात बसली असती! मी तर सरळ 'धर्म आणि सरकारची फारकत' लिहीन.

घोंगडं:
फारकत घ्यायला आधी संसार लागतो :)

उकडपेंडी:
होता की! मॅसेच्युसेट्समध्ये १८३३ पर्यंत कराचा पैसा चर्चला जायचा. आणि पोराने डबा उघडण्याआधी मनात हात जोडले तर त्याला आजही कोणी अडवत नाही, बंदी शाळेने प्रार्थना घेण्यावर आहे. हे वाक्य लेखात टाकाच, घरचे गप्प होतील.

घोंगडं:
मला खरी अडचण 'धार्मिक शिक्षण' या शब्दाची वाटते. आपल्या घटनेच्या कलम २८ प्रमाणे पूर्णपणे सरकारी पैशावर चालणाऱ्या शाळेत ते देता येत नाही, पण मग इतिहासाच्या तासाला वारकरी संप्रदाय शिकवला तर ते काय झालं? २००२ मध्ये आपल्या सुप्रीम कोर्टाने धर्मांची ओळख करून देणं वेगळं आणि पूजापाठ, उपासना शिकवणं वेगळं असं मानलं. अमेरिकेत १९६३ च्या निकालात शाळेतलं रोजचं बायबलवाचन बंद झालं, पण साहित्य किंवा इतिहास म्हणून बायबल शिकवायला हरकत नाही असंही तिथेच म्हटलंय. म्हणून एकाला 'धर्मशिक्षण' आणि दुसऱ्याला 'धर्मांचा अभ्यास' म्हणा, एकच शब्द दोन्हीकडे वापरलात तर कमेंटमध्ये भांडणं ठरलेली.

पाटीपेन्सिल:
'धर्मांचा अभ्यास' घेतला. फारकतही घेतो, पण शीर्षकात नको, लोक कोर्टातला घटस्फोट समजून क्लिक करतील.