रि: रि: जुलैची सहल – टँडम हँग ग्लायडिंगसाठी नावं द्या

नमस्कार मंडळी,
सहल कॅनडातल्या फ्रेझर व्हॅलीला नक्की झालीये. ज्यांना टँडम हँग ग्लायडिंग (एकाच ग्लायडरखाली पायलटसोबत लटकून उडणं) करायचंय त्यांनी रविवारपर्यंत वजनासकट नाव कळवा. बाकीच्यांसाठी हॅरिसन लेकवर डबे आहेतच.
– सेक्रेटरी

---

सेक्रेटरीसाहेब, अगासीझजवळच्या माउंट वुडसाइडवरून उडवणार असाल तर तिथली 28 एप्रिल 2012 ची घटना नवीन लोकांना माहीत हवी. 27 वर्षांची मुलगी, मूळची मेक्सिकोची, बॉयफ्रेंडने अ‍ॅनिव्हर्सरीची भेट म्हणून फ्लाइट दिलेली, तो तिथेच उभा राहून बघतोय, आणि टेकऑफ झाल्याझाल्या कळलं की तिचं हार्नेस (अंगाला बांधायचा पट्ट्यांचा साज) ग्लायडरला अडकवलेलंच नाहीये. पायलटला धरून लटकली बिचारी, घसरत घसरत त्याच्या पायांपर्यंत आली आणि सुमारे 300 मीटरवरून खाली पडली. आणि पुढे काय, तर त्या पायलट पठ्ठ्याने ग्लायडरवरच्या कॅमेऱ्याचं मेमरी कार्ड गिळून टाकलं! पोलिसांना एक्स-रेमध्ये पोटात दिसलं, मग ते बाहेर पडेपर्यंत त्याला कोठडीत ठेवलं. हलगर्जीपणामुळे मृत्यू झाल्याचा गुन्हा त्याने कोर्टात कबूल केला, फेब्रुवारी 2014 मध्ये शिक्षा झाली. किती? पाच महिने.

---

मावशी, कार्ड गिळणारा माणूस एकच निघाला हो, त्याच्यावरून सगळ्यांना कशाला धरायचं? मी कामशेतला पॅराग्लायडिंग केलंय, मस्त झालं होतं. माझं नाव लिहा.

---

अरे तो नवशिक्या असता तर तुझं म्हणणं पटलं असतं, पण चांगला अनुभवी होता रे तो. मी स्वतः उडवतो म्हणून सांगतो, हार्नेस अंगात घट्ट बसलं की आपण बांधलेलोच आहोत असं वाटतं, पण ते ग्लायडरच्या पट्ट्याला जोडणारा कॅरॅबिनर (धातूची उघडमिटीची कडी) वेगळा असतो आणि तो न अडकवताही ग्लायडर उचलून पळता येतं, फरक कळतो तो पाय जमिनीवरून सुटल्यावरच. म्हणून हँग चेक करतात. टेकऑफआधी कुणीतरी ग्लायडर धरून ठेवतं आणि दोघं हार्नेसमध्ये आडवे लटकून पट्ट्यावर वजन येतंय का ते बघतात, मिनिटभराचं काम. त्या दिवशी तेच राहिलं. आणि वारा नाही म्हणून हुक काढून थांबलात तर चेक पुन्हा पहिल्यापासून. पायलट घाईत असला तरी आपण तोंड उघडून मागायचा, तिथे भीड नको.

---

दादा, पटलं. लटकून बघितल्याशिवाय पळणार नाही. नाव राहू दे.

---

ऑपरेटरला फोन करून पॅसेंजरचा हँग चेक कोण करतं ते विचारतो, वेव्हरची (ऑपरेटर जबाबदार नाही असं लिहून घेतात तो कागद) कॉपीही मागवतो. उत्तर नीट आलं नाही तर ग्लायडिंग कॅन्सल, सगळे लेकवर. डब्यांची ऑर्डर मात्र रविवारीच बंद होईल, मावशी, तुमचे किती धरू?
– सेक्रेटरी