‘एसएलआर म्हणजे लोखंड, सिग म्हणजे खेळणं’ याला उत्तर

पाषाणकर:
काल इथे एका महाशयांनी लिहिलं, की एसएलआर (लष्कराची जुनी 7.62 मिमीची रायफल, बेल्जियन एफएएलची भारतीय आवृत्ती) चिखलातून काढली तरी चालते आणि सिग 716 सारख्या नव्या रायफलींचे लाड पुरवावे लागतात. लाड? मग एसएलआरला गॅस रेग्युलेटर, म्हणजे पिस्टनवर किती गॅस जाईल ते ठरवणारी फिरती कडी, काय शोभेला दिलाय? तो आधी पूर्ण उघडायचा, मॅगझिनमध्ये एकेकच राउंड भरून झाडायचा आणि एकेक खाच बंद करत यायचं. ब्रीच ब्लॉक (नळीचं मागचं तोंड बंद करणारा ठोकळा) पूर्ण मागे जाऊन रिकामी पुंगळी मोकळी बाहेर पडू लागली, की त्यावर आणखी दोन खाचा. त्या दोन खाचा धूळ-काजळीसाठी राखीव. प्रत्यक्षात काय होतं? कोण बसतंय खाचा मोजत, म्हणून घट्ट बंद. सगळा गॅस पिस्टनवर, खांद्याला धक्का जास्त, एक्स्ट्रॅक्टर (पुंगळी ओढून काढणारा आकडा) तिची कड फाडतो, आणि दोष राउंडला!

खडकी_बाजार:
हा दोष रायफलीचा की हाताचा? गॅस प्लग (गॅसच्या नळीचं पुढचं बूच) ग्रेनेड डागण्याच्या खुणेवर राहिला, की गॅस बंद आणि दर राउंडला कॉकिंग हँडल ओढा. त्यालाही रायफल ‘अडली’ म्हणणारे आहेतच. मुद्द्याचं बोला. एसएलआरची हेडस्पेस, म्हणजे बंद ब्रीच ब्लॉक आणि नळीत बसलेल्या राउंडमधली जागा, झिजून वाढली तर आर्मरर (शस्त्रं दुरुस्त करणारा) लॉकिंग शोल्डर (ब्रीच ब्लॉकला मागून अडवणारा तुकडा) काढून पुढच्या मापाचा बसवतो, काम झालं. तुमच्या सिगचा बोल्ट बॅरलच्याच मागच्या टोकात दातांनी अडकतो. तिथे झीज झाली की बोल्ट बदला, गेज लावा, तरी जमलं नाही तर बॅरल बदला.

पाषाणकर:
दुरुस्ती सोपी म्हणजे भरवसा जास्त, हे कुठलं गणित? वाळूत एफएएलचं काय झालं ते इस्रायलींना विचारा. त्यांनी ती सोडून गॅलिल घेतली. ब्रिटिशांनाही त्यांच्या एफएएलच्या, म्हणजे एल1ए1च्या, कॅरियरवर (ब्रीच ब्लॉक मागे-पुढे नेणाऱ्या भागावर) वाळू सरकायला खाचा पाडाव्या लागल्या. ‘कधीच अडत नाही’ अशा रायफलीला खाचा कशाला?

डेक्कनचा_दादा:
आणि नव्यांचं कौतुक करताना अमेरिकनांची एम16 विसरायची, नाही का? व्हिएतनाममध्ये काडतुसातली दारू बदलली, चेंबरला (राउंड बसतो त्या नळीच्या भागाला) क्रोम नव्हता, साफसफाईचा संच मिळेना, पुंगळ्या चेंबरमध्येच चिकटायच्या. रायफल नवीच होती हो!

खडकी_बाजार:
व्हिएतनाम कशाला, आपली इन्सास (एसएलआरनंतरची 5.56 मिमीची रायफल) घ्या. कारगिलच्या थंडीत प्लास्टिकची मॅगझिनं तडकल्याच्या तक्रारी 1999 सालच्याच. डिझाइन कुठलं? पाषाणच्या एआरडीईचं, म्हणजे डीआरडीओच्या शस्त्र-संशोधन संस्थेचं.

पाषाणकर:
आलात का पाषाणवर! बोलायला काही उरलं नाही की एआरडीई. मॅगझिन तडकलं याचा अर्थ गॅस सिस्टीम वाईट असा होत नाही. इन्सासचा पिस्टन कॅरियरलाच जोडलेला, एके-47सारखा. तो भाग कुठे अडला ते सांगा, नाहीतर गप्प बसा.

खडकी_बाजार:
गप्प बसा कुणाला म्हणता? मॅगझिन रायफलीचा भाग नाही का? त्याच्याशिवाय ती एक राउंडी काठी आहे.

मॅगझिनवाला:
शेवटी कुणीतरी मूळ दुखण्यावर आलं. स्टॉपेज आलं, म्हणजे रायफल अडली, की आधी मॅगझिन तपासा, रायफल जुनी असो की नवी. वरचे ओठ फाकले की राउंडचं टोक वर उठतं आणि चेंबरच्या तोंडावर आपटतं. ओठ आत दबले की राउंड सुटतच नाही. फॉलोअर (राउंड वर ढकलणारी पट्टी) बोटाने खाली दाबा. तिरका होऊन अडकला तर तळपट्टी काढून आतला गंज आणि चेप बघा. आणि ते ‘20 च्या मॅगझिनमध्ये 18 च भरा, नाहीतर स्प्रिंग ढिली बसते’ हे पुराण बंद करा. भरून ठेवल्याने चांगली स्प्रिंग बसत नाही, वारंवार भरून-रिकामी करून थकते. एफएएलमध्ये तर इंची (ब्रिटिश मापाची) आणि मेट्रिक (मूळ बेल्जियन मापाची) असा घोळ आहे. इंची मॅगझिनचा पुढचा जाड कान मेट्रिक रायफलीत शिरत नाही, आणि मेट्रिक मॅगझिन इंची रायफलीत ढिलं डुलत राहतं.

डेक्कनचा_दादा:
18 वाल्यांना दुखावलंत, आता धागा 200 प्रतिसादांवर जाणार.

पाषाणकर:
जाऊ दे. रायफलीवर दुर्बीण पक्की बसते का, याचं उत्तर अजून कुणी दिलेलं नाही. एसएलआरचं वरचं झाकण म्हणजे खोबणीत सरकणारा पत्रा. त्यावर दुर्बीण लावली की झाकण उघडून बसवताना झीरो (जुळवलेला नेम) हलतो. सिगला वर सलग रेल आहे.

खडकी_बाजार:
बरं, दुर्बीण तुमची. लखलाभ! पण सिगही 7.62 चीच आहे. राउंडचं वजन 24 ग्रॅमच्या आसपास, म्हणजे 100 राउंड सुमारे 2.4 किलो. ज्या ओझ्यामुळे एसएलआर काढून 5.56 आणली, ते पाठीवर परत आलंच की नाही?

मॅगझिनवाला:
ओझ्यावर नंतर भांडा. आधी मॅगझिनांवर नंबर टाका. अडलेलं मॅगझिन दुसऱ्या रायफलीत लावा. तिथेही अडलं तर दोष मॅगझिनचा, नाही अडलं तर चेंबर आणि एक्स्ट्रॅक्टर बघा. रेग्युलेटरला हात सर्वांत शेवटी.