'वैविध्यता' खटकते, पण का?

बर्डीवाला: आमच्या नागपुरातल्या मुक्त सॉफ्टवेअरच्या स्वयंसेवकांची नियमावली मराठीत करून राहिलो. कार्यकारिणीच्या कलमात एकानं लिहिलं, "वैविध्यतापूर्ण उमेदवारांना प्राधान्य." वाचताना दाताखाली खडा येतो. काय लिहू?

इतवारीकर: 'विविध'चं भाववाचक नाम विविधता, नाहीतर वैविध्य. वैविध्यता म्हणजे टोपीवर टोपी. 'सौंदर्यता' लिहितात ना, तसंच. पण मला जास्त खटकला तो 'उमेदवार'. एकटं माणूस विविध कसं असेल? विविधता घोळक्यात असते. कलम लिहिणाऱ्याच्या मनात 'एखादी बाई' किंवा 'कामठीचा पोरगा' असणार, ते उघड लिहायला जीभ अडली असणार.

बर्डीवाला: हो ना ताई. मागच्या तिन्ही कार्यकारिणी एकाच कॉलेजच्या. मग 'प्रतिनिधित्व' चालेल?

इतवारीकर: प्रतिनिधी म्हणजे कुणीतरी पाठवलेला. तुमच्याकडे कोण कुणाला पाठवतं? त्यापेक्षा आकडा लिहा. पायथन या प्रोग्रॅमिंग भाषेच्या सुकाणू समितीत 5 जण असतात, आणि एका कंपनीचे 2 पेक्षा जास्त चालत नाहीत. तसं "एका कॉलेजचे दोघांहून अधिक नसावेत" लिहा, विशेषणाची गरजच नाही.

मिहानमधला: इंटरनेटची मानकं ठरवणाऱ्या आयईटीएफमध्ये तर नेते निवडणाऱ्या समितीचे मतदार सदस्यच इच्छुक स्वयंसेवकांतून चिठ्ठ्या काढल्यासारखे निघतात, 10 जण. आमच्याकडे सुचवलं तर सगळे 'यादृच्छिक' (रँडम) शब्दावरच अडकले.

इतवारीकर: सोडत म्हणा की! महापालिकेच्या प्रभागांचं आरक्षण सोडतीनंच निघतं, बर्डीच्या पानठेल्यावरही शब्द कळतो. 'ईश्वरचिठ्ठी' मात्र नको, ती मतं समसमान पडल्यावरची. आणि वाक्य जपून लिहा: सोडत निवडणाऱ्यांची, नेत्यांची नाही. नेत्यांची 'निवड', तिथे 'निवडणूक' लिहिलं तर लोक मतपेटी शोधतील.

बर्डीवाला: लिहून घेतलं. अजून एक सापडलं, जुन्या मसुद्यातलं: "वर्धापनदिनी अध्यक्षांनी सपत्नीक उपस्थित राहावे." यंदा अध्यक्षपदासाठी दोन मुलींची नावं आहेत. 'सहकुटुंब' करू?

इतवारीकर: जुन्या मराठीत कुटुंब म्हणजेही बायकोच, भाऊ. ओळच खोडा.